मामूंची होडी

मुलांनो, आपल्या नांदूरघाटहून समुद्र फार दूर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी शिडाची होडी चित्रातच पाहिली असेल. तरीही आज मी तुम्हांला एका होडीची गोष्ट सांगणार आहे. ही होडी मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली आणि ती करताना एक मोठी चूकही केली.

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते, तेथे दाभोळ हे जुने बंदर आहे. तेथे माझे मामू राहतात. बी.एड.ची परीक्षा संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. परसात माडाखाली एक लहानशी शिडाची होडी पडली होती. कित्येक पावसाळे ती तशीच उघडी होती.

"मामू, ही मी दुरुस्त करू का?" मी विचारले.

मामू हसून म्हणाले, "कर. पण घाई करू नकोस."

मी घाईच केली. बाजारातून निळा रंग आणला आणि दोन दिवसांत होडी रंगवून टाकली. ती अगदी नवी दिसू लागली! आम्ही ती खाडीत उतरवली. थोड्याच वेळात माझे पाय घोट्यापर्यंत पाण्यात बुडाले. आम्ही कसेबसे काठाला आलो. मामू रागावले नाहीत. त्यांनी माझ्या हाती एक टोचा दिला व म्हणाले, "आता एकेक फळी तपास."

चांगल्या लाकडात टोचा सहज शिरत नाही. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. माझ्या सुंदर निळ्या रंगाखाली तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने लाकूड कुजते, असे मला वाटत असे. पण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. होडीत साचून राहणारे पावसाचे गोडे पाणीच अधिक घातक असते. म्हणून न वापरायची होडी पालथी करून, खालून वारा लागेल अशी ठेवावी.

मग खरे काम सुरू झाले. आम्ही रंग खरवडला. कुजलेल्या फळ्या काढून सागाच्या नव्या फळ्या बसवल्या. साधे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात, म्हणून तांब्याचे वापरले. फटींत सुताचे पीळ ठोकून वरून राळ आणि तेल भरले. फाटलेल्या शिडाला ठिगळ लावून दुहेरी शिवण घातली. रंग सर्वांत शेवटी दिला.

होडी पुन्हा पाण्यात उतरवली, तेव्हाही थोडे पाणी आत आलेच. मी घाबरलो. मामू म्हणाले, "थांब. लाकडाला पाणी पिऊ दे." दोन दिवस ती काठाशी उथळ पाण्यात ठेवली. फळ्या फुगल्या आणि बारीक फटी मिटल्या. तिसऱ्या दिवशी शीड वाऱ्याने भरले आणि होडी खाडीतून सरसर निघाली.

जुनी वस्तू टाकाऊच असते, असे नाही. १९८५ ते १९८७ या काळात भारतीय लष्कराच्या इंजिनिअर दलातील अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती नौकाही कोरी नव्हती. इंग्लंडमध्ये विकत घेतलेली, आधी वापरलेली होती.

मुलांनो, न समजलेला धडा सुंदर अक्षरात उतरवून काढणे म्हणजे कुजलेल्या फळीवर रंग देणेच होय. वही छान दिसते, पण परीक्षेच्या पाण्यात ती तरत नाही. आपली कच्ची फळी कोणती, हे आधी शोधा. ती दाखवायला लाजू नका. रंग नंतर देता येतो.

शब्दार्थ
शीड – बादबान
टोचा – सुआ
ठिगळ – पैवंद
घातक – नुकसान करणारे
उथळ – कमी खोल

स्वाध्याय
१. पहिल्या वेळी होडीत पाणी का शिरले?
२. न वापरायची होडी कशी ठेवावी? का?
३. 'रंग सर्वांत शेवटी दिला.' या वाक्यातून तुम्ही काय शिकलात?
४. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू कशी दुरुस्त केली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.