ताल मोडलेला किरण

आमच्या फायरिंग रेंजवर दुपारी दूरचे टार्गेट थरथरताना दिसते. जमिनीलगतची तापलेली हवा वरच्या थंड हवेत मिसळते आणि लहानमोठे भोवरे तयार होतात. प्रत्येकाचा अपवर्तनांक किंचित वेगळा, म्हणून प्रत्येक भोवरा भिंगासारखा प्रकाश वाकवतो.

लेझरने संदेश पाठवतानाही हीच हवा आडवी येते. सुसंगत लेझरच्या लहरी परेडच्या तुकडीसारख्या एका तालात असतात. भोवऱ्यांतून गेल्यावर त्या कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे खोडतात. पलीकडे उजेड लुकलुकतो आणि संदेशाचे तुकडे गळतात.

यावरचा उपाय वाचून मी चकित झालो: ताल आधीच थोडा मोडायचा! वेगाने फिरणाऱ्या खरखरीत काचेतून नेलेला किरण अंशतः सुसंगत होतो. त्यातल्या अनेक स्वतंत्र आकृत्यांपैकी एकीचा अंधार दुसरीचा उजेड भरून काढतो. मात्र संदेशाच्या एकेका ठोक्यात आकृती अनेकदा बदलली पाहिजे. तारा लुकलुकतो, पण गुरू स्थिर दिसतो, कारण त्याच्या तबकडीवरच्या अनेक ठिपक्यांची लुकलुक अशीच एकमेकांत मिटते.

याची किंमतही आहे: असा किरण जास्त पसरतो, म्हणून ठिकाणावर प्रकाश कमी पोचतो.

परेडमध्ये पाय चुकला म्हणून मी कितीदा मैदानाला फेऱ्या मारल्या आहेत. खवळलेल्या हवेत मात्र थोडा मोडलेला तालच कामी येतो.