शाळेतील संगणक : जवळची व्यवस्था आणि दूरची व्यवस्था

प्राथमिक शाळेत संगणक येतो तेव्हा त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, त्यास एक टेबल मिळते, आणि पुष्कळदा त्याच्याविषयीचा विचार तेथेच संपतो. वास्तविक विचारास प्रारंभ त्यानंतर व्हावयास हवा. आजचा शालेय संगणक एका खोलीत बसून दोन ठिकाणी काम करीत असतो. प्रश्नपत्रिका, पाठटाचणे, निकालपत्रके व छायाचित्रे ही यंत्राच्या पोटातच राहतात. विद्यार्थ्यांच्या नोंदी मात्र ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ यांवर, वेतनाच्या नोंदी ‘शालार्थ’वर, म्हणजे गावापासून कितीतरी दूर असलेल्या सर्व्हरवर जातात. या दुसऱ्या व्यवस्थेस ‘क्लाउड’ हे नाव रूढ झाले आहे. या दोन्ही व्यवस्था एकमेकींच्या पायांत न येता चालवावयाच्या, तर कोणती पूर्वतयारी लागते, हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

क्लाउड या नावाने विनाकारण गूढ निर्माण होते. माहिती ढगात नसते. ती कोणाच्या तरी इमारतीत, कोणाच्या तरी यंत्रावर असते. हे समजावून देण्यास सांगलीनजीकच्या हरिपूरच्या पेवांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील या गावी जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद साठविण्याची जुनी पद्धत होती. धनी सांगलीच्या पेठेत आणि माल हरिपूरच्या मातीत, तरीही व्यवहार चाले. अर्थात कोणते पेव कोणाचे, याची नोंद चोख ठेवावी लागे. दूरच्या साठ्याचे सारे मर्म या नोंदीत आहे. परंतु याच पेवांचा दुसरा धडाही विसरता येत नाही. 2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले व हळदीची मोठी हानी झाली. दूर ठेवलेली वस्तू दूर आहे एवढ्यानेच ती सुरक्षित ठरत नाही.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर दोन्ही व्यवस्थांची परीक्षा निसर्गच घेत असतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. मिरज, पलूस, वाळवा व शिराळा या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी तो पूर पाहिला आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा पाहिला. अशा गावी संगणक, नोंदवह्यांचे कपाट आणि कपाटातला पेन ड्राइव्ह हे तिन्ही एकाच खोलीत, एकाच उंचीवर असतील, तर प्रती तीन असूनही साठा एकच म्हणावा लागेल. याच्या उलट स्थिती पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांची. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात दरडी कोसळून वाड्याच्या वाड्या संकटात सापडल्या. एरव्हीच्या पावसाळ्यातही वीज आणि मोबाइलची रेंज ही तेथे हातची धरता येत नाही. सारे काही दूरच्या साठ्यावर सोपविलेल्या शाळेस अशा वेळी एका विद्यार्थ्याचा साधा दाखलाही छापून देता येत नाही. एका ठिकाणी जवळचे बुडते, दुसऱ्या ठिकाणी दूरचे दिसेनासे होते.

मोठ्या कचेऱ्यांपुढे हाच प्रश्न शेकडो यंत्रांच्या प्रमाणात उभा असतो व तेथे त्याचे उत्तर कसे शोधले गेले, हे शिक्षकाने जाणून घेण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ हे साधन कचेरीतील स्वतःच्या सर्व्हरवरून संगणकांची देखरेख करते. ‘इंट्यून’ हे साधन तेच काम क्लाउडमधून करते. 2017 पासून एकच संगणक दोहोंच्या देखरेखीखाली ठेवण्याची सोय झाली. तीस सह-व्यवस्थापन म्हणता येईल. तीसाठी यंत्रावर विंडोज 10 वा 11 असावे लागते, यंत्राची ओळख क्लाउडमधील नामावलीतही नोंदलेली असावी लागते, आणि वापरणाऱ्यांसाठी योग्य ते परवाने घ्यावे लागतात. परंतु या सर्वांहून महत्त्वाची अट निराळीच आहे. सुधारणा कोणी बसवावयाच्या, विषाणूंपासून संरक्षण कोणी पाहावयाचे, नवी साधने कोणी पुरवावयाची, अशा कामांच्या प्रत्येक गटास एकच धनी नेमावा लागतो. एखादे काम क्लाउडकडे द्यावयाचे असले तर प्रथम थोड्या यंत्रांवर ते करून पाहता येते. मात्र एका यंत्रावर एका कामास दोन धनी ठेवीत नाहीत.

खेड्यातील शाळेस ही साधने विकत घेण्याचे कारण नाही. तिने घ्यावयाची ती कामाच्या वाटणीची ही शिस्त. एका यंत्रावर दोन विषाणूरोधक साधने बसविली म्हणजे संरक्षण दुप्पट होते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि यंत्र मंद होते. विद्यार्थ्यांची यादी एक शिक्षक यंत्रातील तक्त्यात दुरुस्त करतो, दुसरा क्लाउडमधील तक्त्यात. महिन्याअखेरीस पटसंख्या दोन निघतात. कोणती यादी मूळ व कोणती प्रत, हे मुख्याध्यापकाने आधी ठरवून कागदावर लिहून ठेवावे. मूळ यादी जवळची की दूरची, याविषयी मतभेद असू शकतो. ती एकच असावी याविषयी असू नये.

पूर्वतयारीतील पहिली गोष्ट म्हणजे यंत्राची मूळ कार्यप्रणाली. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 रोजी व विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. पण त्यातील उणिवा बुजविणाऱ्या नित्याच्या विनामूल्य सुधारणा थांबतात. वाढीव मुदत हवी असल्यास वेगळी नोंदणी करावी लागते. या उणिवांचा परिणाम काय होतो, ते मे 2017 मध्ये जगाने पाहिले. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. ज्या उणिवेतून तो शिरला ती बुजविणारी सुधारणा त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ती न बसविलेली यंत्रे त्याच्या तावडीत सापडली. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी स्मृती, 64 जीबी साठा आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते. शाळांतील कित्येक जुनी यंत्रे या कसोटीस उतरणार नाहीत. त्यांना भंगारात काढण्यापूर्वी सी-डॅकने सिद्ध केलेल्या, लिनक्सवर आधारलेल्या ‘बॉस’ प्रणालीचा विचार अवश्य व्हावा. तीत मराठीची सोय आहे, आणि शाळांसाठी तिचे ‘एड्युबॉस’ हे रूपही आहे.

मराठीचा उल्लेख आला म्हणून येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. श्रीलिपी, कृतिदेव आदी जुन्या धाटणीच्या अक्षरवळणांत टंकलेली पत्रके त्या त्या यंत्रावर नीट दिसतात. तीच दूरच्या साठ्यात चढविली, किंवा दुसऱ्या यंत्रावर उघडली, की मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. मजकूर युनिकोडमध्ये असणे ही दोन्ही व्यवस्थांना जोडणारी पहिली कडी आहे. जुनी पत्रके सावकाश का होईना, पण युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत.

आता सर्वांत नाजूक प्रकरण, ते खात्याचे. क्लाउडमधील साठा ज्या खात्यावर असतो, ते खाते कोणाचे? बहुतेक ठिकाणी एखाद्या उत्साही शिक्षकाने स्वतःच्या नावाचे खाते उघडून शाळेचे काम सुरू केलेले असते. त्याचा हेतू निर्मळ असतो आणि कामही चांगले चालते. पुढे त्याची बदली होते. कपाटाच्या किल्ल्या, घंटा, नकाशे, पोषण आहाराचे साहित्य यांची कार्यभार यादी होते, तीवर दोघांच्या सह्या होतात. पासवर्डचा मात्र यादीत उल्लेख नसतो. नवे गुरुजी खाते उघडू जातात तेव्हा ओटीपी जुन्या गुरुजींच्या खिशात वाजतो. ते दुसऱ्या जिल्ह्यात वर्गावर असतात. एवढ्यावरही निभावते; पण क्रमांकच बदलला असेल तर काय? गूगलच्या वैयक्तिक खात्यांविषयीच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते, त्यातील साठ्यासह, काढून टाकले जाऊ शकते. अनेक वर्षांची पत्रके अशा रीतीने कोणाचाही दोष नसताना नाहीशी होऊ शकतात.

सबब खाते शाळेच्या नावे असावे, पदास जोडलेले असावे, व्यक्तीस नव्हे. ते परत मिळविण्यासाठी दिलेले मोबाइल क्रमांक मुख्याध्यापकांचे व आणखी एका जबाबदार शिक्षकाचे असावेत. पासवर्ड भिंतीवर वा संगणकाच्या कडेला चिकटवू नये. तो बंद लिफाफ्यात, मोहोर करून, महत्त्वाच्या कागदपत्रांसमवेत ठेवावा. कार्यभार देताघेताना लिफाफा फोडून पासवर्ड बदलावा व नव्या लिफाफ्याची नोंद यादीत घ्यावी. ही रीत जुन्या वळणाची वाटेल, तथापि तिला विजेची गरज नाही.

प्रतींविषयी एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. यंत्रातील एखादा कप्पा क्लाउडशी जुळवून ठेवला म्हणजे प्रत झाली, असे मानले जाते. जुळवणी म्हणजे प्रत नव्हे. येथे पुसले तर तेथेही पुसले जाते; गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते 30 दिवस राहते आणि मग जाते. दिवाळीच्या सुटीपूर्वी चुकून पुसलेले पत्रक दुसऱ्या सत्रात निवांतपणे शोधू गेल्यास ते हाती लागेलच असे नाही. म्हणून जुळवणीखेरीज एक स्वतंत्र प्रत बाह्य साठ्यावर घ्यावी आणि ती शाळेच्या इमारतीत ठेवू नये. पूररेषेतील गावांनी ती केंद्रशाळेत, उंचावरील गावी ठेवणे इष्ट. त्या साठ्यास कुलूपशब्द मात्र असावा. त्यात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानून त्यांच्या माहितीस विशेष संरक्षण दिले आहे.

आणि कागदी जनरल रजिस्टर? ते राहिलेच पाहिजे. 2023 साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांच्या जुन्या नोंदवह्या, काही ठिकाणी मोडी लिपीतील, पुन्हा उघडल्या गेल्या. ज्या गुरुजींनी त्या लिहिल्या त्यांस हा उपयोग ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी फक्त शाई पक्की वापरली आणि रकाना रिकामा ठेवला नाही.

व्यवस्था नीट बसली की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे वर्षातून दोन चाचण्या घेणे. मृगाच्या आधी, जून महिन्याच्या प्रारंभी त्या घेतलेल्या बऱ्या. पहिल्या दिवशी अर्धा दिवस इंटरनेट बंद ठेवावे आणि हजेरी, एक दाखला व एक निकालपत्रक तयार करून पाहावे. दुसऱ्या दिवशी शाळेचा संगणकच नाही असे समजून, शेजारच्या शाळेतील यंत्रावरून तेच तीन कागद सिद्ध करावेत. काम होताच तेथून खाते बंद करून यावे. पाचवीच्या वरील मुले यांत सहभागी होऊ शकतील, मात्र इतर मुलांची माहिती त्यांच्या नजरेस पडू नये. त्यांच्यापुढे काल्पनिक नावांची यादी ठेवावी. कोणता कागद कोठे अडला, ते मुख्याध्यापकांनी तेथल्या तेथे टिपून घ्यावे व ते टिपण केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांसमोर ठेवावे.