धुक्यातील अवतरण

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दिल्लीच्या विमानतळावर कधीकधी इतके दाट धुके पसरते की, पन्नास-शंभर मीटरांपलीकडील वस्तू दिसेनाशी होते. धावपट्टीकडे येणारे मोठे जेट विमान सेकंदास सुमारे ७० मीटर वेगाने पुढे येत असते. पन्नास मीटरांवरील दिवा वैमानिकास दिसला, तरी एका सेकंदाच्या आत विमान त्यावर येऊन पोहोचते. एवढ्या अवधीत चूक ओळखून ती सुधारणे कोणाही मनुष्यास शक्य नाही. मग अशा वेळी विमान सुखरूप कसे उतरते?

उतरणाऱ्या विमानास दोन गोष्टींचे ज्ञान सतत असावे लागते. ते धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे, ही पहिली; आणि योग्य उताराच्या वर आहे की खाली, ही दुसरी. उपकरण-अवतरण पद्धतीत या दोन्ही गोष्टी रेडिओ-लहरींच्या द्वारे कळतात.

पहिल्या कामासाठी धावपट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे लोकलायझर नावाचे प्रक्षेपक केंद्र असते. त्यापासून लहरींचे दोन झोत निघतात. येणाऱ्या वैमानिकाच्या डावीकडील झोतावर दर सेकंदास ९० कंपनांचा, तर उजवीकडील झोतावर १५० कंपनांचा स्वर चढविलेला असतो. वाचकाने अशी कल्पना करावी की, रस्त्याच्या दोन बाजूंस दोन गायक उभे आहेत. एक खर्जात गात आहे, दुसरा त्याहून वरच्या स्वरात. डोळे मिटून चालणाऱ्यास दोन्ही आवाज सारखे ऐकू आले, तर तो रस्त्याच्या मध्यावर आहे. एक वरचढ झाला, तर तो त्या बाजूस सरकला आहे. विमानातील ग्राहकयंत्र हीच तुलना करते, आणि कोणत्या बाजूस वळावे हे तबकडीवरील काटा दाखवितो.

दुसरे केंद्र धावपट्टीच्या कडेस, विमान जेथे टेकावयाचे त्या जागेजवळ असते. तेथेही हेच दोन स्वर वापरतात. मात्र ९० कंपनांचा स्वर उताराच्या वर प्रबळ असतो व १५० कंपनांचा खाली. हा उतार बहुधा ३ अंशांचा ठेवतात. त्यामुळे टेकण्याच्या जागेपासून १० किलोमीटर दूर असलेले विमान सुमारे ५२५ मीटर उंचीवर असावयास हवे.

या पद्धतीच्या सर्वांत साध्या श्रेणीत वैमानिक ६० मीटर उंचीपर्यंत उपकरणांच्या आधारे येऊ शकतो. तेथून टेकण्याची जागा सुमारे ११५० मीटर, म्हणजे सोळा सेकंदांवर असते. तेथे दिवे किंवा धावपट्टीच्या खुणा दिसल्या नाहीत, तर विमान पुन्हा वर नेलेच पाहिजे. दुसऱ्या श्रेणीत ही मर्यादा ३० मीटर असते. त्याहून खाली, तिसऱ्या श्रेणीत, सामान्यतः स्वयंचलित अवतरणाचा आश्रय घ्यावा लागतो.

स्वयंचलित अवतरणात ऑटोपायलट दोन्ही केंद्रांचे संकेत घेऊन विमानास मार्गावर ठेवतो. तथापि जमिनीलगत उताराचा संकेत पुरेसा विश्वसनीय राहत नाही. म्हणून अखेरच्या सुमारे १५ मीटरांत रेडिओ-उंचीमापक उपयोगी पडतो. विमानातून निघालेली लहर जमिनीवर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून तो उंची काढतो. त्यानुसार यंत्र विमानाचे नाक अलगद उचलते, इंजिनांची शक्ती कमी करते, आणि सेकंदास जवळजवळ ४ मीटर असलेला उतरण्याचा वेग एका मीटरखाली आणते. चाके टेकल्यावरही लोकलायझरच्या आधारे विमान मध्यरेषेवर धावत राहते.

अशा क्षणी यंत्रच बिघडले तर? या प्रश्नाचे समाधान होईपर्यंत ही पद्धती प्रवाशांसाठी वापरणे शक्य नव्हते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या आसनातून, केवळ उपकरणे पाहून विमान उडविले व उतरविले होते. परंतु प्रवासी घेऊन जाणाऱ्या ट्रायडेंट विमानाचे यंत्राने केलेले पहिले अवतरण लंडनच्या हीथ्रो विमानतळावर १० जून १९६५ रोजी झाले. या विमानासाठी नियंत्रणाच्या तीन शाखांची योजना होती. एक शाखा इतर दोहोंशी विसंगत वागू लागली, तर ती बाजूस सारून दोहोंच्या मताने काम चाले. जमिनीवरही तशीच दक्षता घेतात. झोत ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकल्याचे आढळताच प्रक्षेपण आपोआप बंद पडते, कारण चुकीच्या संकेतापेक्षा संकेत नसणे बरे.

उभ्या विमानांवरून व वाहनांवरून लहरी परावर्तित होऊन झोत वाकतो. म्हणून धुक्यात प्रक्षेपकांजवळचा परिसर मोकळा राखतात आणि दोन विमानांमधील अंतर वाढवितात. शिवाय विमान, धावपट्टी व वैमानिक ही तिन्ही त्या श्रेणीस पात्र असावी लागतात. त्यांपैकी एकही अपात्र असल्यास विमान अन्य विमानतळाकडे वळवावे लागते. धुक्याच्या दिवशी प्रवाशांस जो विलंब सोसावा लागतो, त्याचे एक कारण ही सावधगिरी होय.