शिलेदार आणि त्याचे घर
(इतिहास व भाषा या विषयांच्या संयुक्त पाठाकरिता : इयत्ता सातवी व आठवी)



आपल्या राज्यातील कित्येक गावांत चावडीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी शिला बसविलेली आढळते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. तोही बहुधा इंग्रजीत. गेले किती आणि परतले नाहीत किती, हे आकडे आहेत. नाव एकाचेही नाही. ज्या गावात ती शिला बसविली, तेथील फारच थोड्यांना ती वाचता येत असे.

लढाया, तह आणि सनावळ्या आपण शिकवितोच. आकड्यामागचा माणूस व त्याच्यामागचे घर विद्यार्थ्यांपुढे उभे करणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. त्याकरिता पहिल्या महायुद्धातील हिंदी घोडदळाचा सामान्य स्वार घेतला आहे.

१. शब्दापासून आरंभ

‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ हे शब्द विद्यार्थ्यांस शिवकालाच्या पाठातून परिचित असतात. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. हीच पद्धत इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात उचलली. १९१४ पूर्वी बहुतेक हिंदी रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. भरती होणारा तरुण घोडा घेऊन येई, अथवा घोड्याची रक्कम रिसाल्यात ठेवी. पगार पायदळातील शिपायापेक्षा अधिक असे. परंतु घोड्याचा दाणावैरण, खोगीर व कपडे यांचा खर्च त्यातूनच भागवावा लागे. त्यामुळे स्वार बहुधा जमीन बाळगणाऱ्या शेतकरी कुटुंबातील असे. ठेवीची रक्कम कोणी साठवणीतून भरी, कोणी कर्ज काढून. तात्पर्य, स्वार रिसाल्यात दाखल होई तेव्हा त्याच्याबरोबर घराची पुंजीही दाखल होई.

पुणे हॉर्स या रिसाल्याचा उगम १८१७ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे व इंग्रज यांच्यातील तहातून झाला. नाव पुण्याचे असले तरी १९१४ मध्ये त्यातील बहुतेक स्वार उत्तरेकडील होते. आपल्याकडील मराठा तरुण त्या काळी मुख्यतः पायदळात जात. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत येथील वेढ्यात सापडल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील सैन्य शरण गेले. प्रांत वेगळा, पलटण वेगळी. मागे राहिलेल्या घराची स्थिती मात्र सारखीच.

२. घोड्यावाचून स्वार

ऑक्टोबर १९१४ मध्ये पुणे हॉर्स व डेक्कन हॉर्स हे रिसाले फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले. ज्याने आयुष्यभर घोडदौडीची तालीम घेतली, त्याला घोडा मागे ठेवून चिखलाने भरलेल्या खंदकात पायी उतरावे लागले. काटेरी तार आणि यंत्रतोफा यांपुढे घोडदळाला वाटच उरली नव्हती. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळाचा बहुतेक भाग मेसोपोटेमियाकडे हलविण्यात आला. घोडदळ मात्र १९१८ च्या आरंभापर्यंत फ्रान्समध्येच राहिले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणक्षेत्रात डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले घेऊन चढाई केली. नोव्हेंबर-डिसेंबर १९१७ मध्ये कांब्रे येथेही हिंदी रिसाले लढले. पण असे प्रसंग विरळा. बाकीचे दिवस खंदक खणण्यात, घोड्यांची निगा राखण्यात आणि वाट पाहण्यात गेले.

पुढे हे रिसाले इजिप्तमार्गे पॅलेस्टाइनला पाठविण्यात आले. तेथे मोकळे मैदान मिळाले. सप्टेंबर १९१८ मध्ये घोडदळाने शत्रूची पिछाडी गाठली. २३ सप्टेंबर रोजी जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या स्वारांनी हैफा शहर घेतले. दिल्लीतील तीनमूर्ती स्मारक जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांच्या घोडदळाचे आहे, हे विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.

३. एका पत्राचा प्रवास

या पाठाचा गाभा येथे आहे. घरी रजेवर जाणे दुर्मीळ होते. तीन-साडेतीन वर्षे स्वार आणि त्याचे घर यांच्यात एकच धागा उरला, तो पत्राचा. परंतु १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात दर हजारी पुरुषांत सुमारे १०६ आणि दर हजारी स्त्रियांत केवळ १० साक्षर होते. म्हणून बहुतेक स्वार सांगत आणि रिसाल्यातील कोणी लिहिता येणारा लिही. नंतर ते पत्र तपासनीसांकडे जाई. तेथून सुटले म्हणजे आगबोटीने देशी येई. गावात टपालवाला, मास्तर किंवा एखादा शिकलेला मुलगा ते घरच्या मंडळींपुढे मोठ्याने वाची.

आता विचार करावा : लेखनिक, तपासनीस, वाचक आणि भोवती जमलेले वडीलधारे, इतक्या जणांच्या देखत पतीने पत्नीला काय सांगावे? त्याने पिकाची, बैलांची, कर्जाची, मुलीच्या सोयरिकीची चौकशी करावी. मनीऑर्डर पोहोचली की नाही ते विचारावे. मनातले मनातच राहावे. युद्धाविषयी उघड लिहिणे शक्य नव्हते, म्हणून काहींनी सांकेतिक शब्द योजले. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरी म्हणजे गोरे शिपाई, हा संकेत तपासनीसांनीही ओळखला होता. तपासनीसांच्या कचेरीने केलेले पत्रांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये जतन आहे; मूळ पत्रे बहुतांशी नाहीशी झाली. ज्यांनी ती लिहवली त्यांचे बोल आज आपल्याला परक्या भाषेतूनच ऐकावे लागतात.

४. शिलेदाराने पाहिलेली शाळा

हिवाळ्यात रिसाले आघाडीमागील फ्रेंच खेड्यांत मुक्काम करीत. तेथे स्वारांनी पाहिले की, घरधनी युद्धावर गेला असता त्याची स्त्री शेत सांभाळते, हिशेब ठेवते आणि स्वतःच्या हाताने पतीला पत्र लिहिते. मुलगे आणि मुली दोघेही शाळेत जातात. याचा खोल परिणाम झाला. आमच्या मुलींना शाळेत घाला, अशी विनवणी फ्रान्समधून घरी गेलेल्या कित्येक पत्रांत आढळते. ज्याचे स्वतःचे पत्र दुसऱ्याच्या हाताने लिहिले जात होते, त्यानेच हे लिहविले, ही गोष्ट आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने मोलाची आहे.

५. परतल्यावर

युद्धात शिलेदारी पद्धतीचा टिकाव लागला नाही. मेलेल्या घोड्यांच्या जागी नवे घोडे पुरविणे रिसाल्यांच्या किंवा स्वारांच्या आवाक्यातले राहिले नव्हते. १९२१ मध्ये ही पद्धत बंद झाली. जे परतले ते पुन्हा नांगराला लागले. जे परतले नाहीत व ज्यांची कबरही नाही, अशा पश्चिम आघाडीवरील चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे फ्रान्समध्ये नव शापेल येथील स्मारकावर कोरलेली आहेत. ते स्मारक १९२७ मध्ये उघडण्यात आले. तेथे नावे आहेत. गावातल्या शिलेवर फक्त संख्या आहे.

६. वर्गात पाठ कसा घ्यावा

चार विद्यार्थी निवडावेत. पहिल्याने स्वार होऊन आपला मजकूर तोंडी सांगावा. दुसऱ्याने तो लिहावा. तिसऱ्याने तपासनीस होऊन गावाचे नाव, तारीख व युद्धाचा उल्लेख खोडावा. चौथ्याने उरलेले पत्र संपूर्ण वर्गापुढे वाचावे. मग पहिल्या विद्यार्थ्यास विचारावे : तुला जे सांगायचे होते, ते पोहोचले काय? या एका प्रश्नाने जे साधते, ते दीर्घ व्याख्यानानेही साधणार नाही. त्यानंतर प्रत्येक मुलाने व मुलीने त्या घरातील स्त्रीच्या वतीने उत्तर लिहावे. परंतु स्वतःच्या हाताने लिहिता येत असल्याप्रमाणे.

शिक्षकांनी दोन पथ्ये पाळावीत. हे युद्ध परक्या सत्तेचे होते. म्हणून केवळ शौर्याचे पोवाडे गाऊ नयेत. तसेच पोट, जमीन व कुळाची अब्रू यांसाठी चाकरी पत्करणाऱ्या माणसास हिणवूही नये.

गावात शिला असल्यास मुलांनी ती पाहावी, मजकूर मराठीत उतरवावा आणि वृद्ध माणसांकडून, सौजन्याने व कोणाचे मन न दुखवता, त्या पुरुषांची व त्यांच्या घरच्यांची नावे विचारावीत. जी नावे मिळतील ती शाळेच्या फलकावर मराठीत लिहावीत. शिला नसल्यास पाठ अडत नाही; सैन्यात गेलेला कोणी ना कोणी बहुतेक गावांत असतोच.

शतकापूर्वी त्या घराचे पत्र वाचून दाखविण्याचे काम पुष्कळदा गावच्या मास्तरावर येई. आज आपल्या वर्गातील प्रत्येक मुलीला स्वतःचे पत्र स्वतः वाचता यावे, एवढे आपण साधले तरी त्या अनामिक शिलेदाराची विनवणी आपल्यापर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.