नावांची यादी हाही मजकूरच

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• फाइलींच्या नावांचा क्रम का बिघडतो, हे सांगता येईल;
• अनेक फाइलींची नावे एकाच वेळी बदलण्याची रीत समजेल.

प्रस्तावना

घरातील एका जुन्या दैनंदिनीच्या १२० पानांची छायाचित्रे तुम्ही संगणकात ठेवली आहेत, असे समजा. नावे दिली आहेत ‘पान-१’, ‘पान-२’ अशी. अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत मात्र ‘पान-२’ तेहेतिसावे येते! अशा मांडणीत संख्येचे मूल्य नव्हे, तर एकेक अंक पाहिला जातो. त्यामुळे १ या अंकाने सुरू होणारी ३२ पाने आधी येतात. पानांचा क्रम चुकला, की वाचणाऱ्याला आजोबांच्या लेखनाचा धागा सापडत नाही. यावर उपाय म्हणजे ‘पान-००१’ असे सारखे तीन अंक लिहिणे.

चला, समजून घेऊ या

मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या आज्ञावलीला टेक्स्ट एडिटर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू इमॅक्स हा असाच एक एडिटर १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यात फोल्डरमधील नावांची यादी निबंधाप्रमाणे सुधारता येते.

१. प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत काढून वेगळी ठेवा.
२. कंट्रोल-एक्स आणि नंतर डी दाबून फोल्डरचे नाव द्या. यादी दिसेल.
३. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क्यू दाबा. आता यादीतील नावे बदलता येतील.
४. आल्ट, शिफ्ट आणि ५ या कळा एकत्र दाबा. ‘पान-’ऐवजी ‘पान-००’ लिहायचे आहे, असे सांगा. प्रत्येक ठिकाणी एडिटर तुमची संमती विचारील. एकअंकी पानांना ‘वाय’ आणि इतरांना ‘एन’ ही कळ दाबा.
५. तीच कृती पुन्हा करा. या वेळी ‘पान-०’ लिहा आणि केवळ दोनअंकी पानांना संमती द्या.
६. यादी सावकाश वाचा. ती बरोबर असल्यास कंट्रोल-सी, कंट्रोल-सी दाबा. चूक आढळल्यास कंट्रोल-सी, कंट्रोल-के दाबून सर्व बदल सोडून द्या.

सहाव्या पायरीपर्यंत मूळ फाइलींना धक्का लागत नाही. म्हणूनच ही पायरी महत्त्वाची आहे. सरसकट ‘१’ऐवजी ‘००१’ लिहिले असते, तर ‘पान-११’चे ‘पान-००१००१’ झाले असते. संगणक सांगितलेले काम अचूक करतो. काय सांगावे, हा विवेक माणसाचा.

लक्षात ठेवा : टिंबानंतरची ‘जेपीजी’सारखी अक्षरे फाइलीचा प्रकार दर्शवितात. ती बदलू नका.

पाठगत प्रश्न

१. ‘पान-२’ हे नाव यादीत तेहेतिसावे का आले?
२. दुसऱ्या फेरीत एकअंकी पानांना संमती दिली, तर ‘पान-००७’चे काय होईल?
३. उपक्रम : दहा छायाचित्रांच्या प्रती काढून त्यांना ‘वर्ष-महिना-दिवस’ या क्रमाने नावे द्या. यादी कशी लागते, ते पाहा आणि कारण लिहा.