मागातून निघालेली मोटार

लग्नाच्या वऱ्हाडात इनोव्हा गाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती टोयोटा कंपनीची. पण या घराण्याचा मूळ धंदा मोटारीचा नव्हेच, मागाचा!

जपानात १८६७ साली साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा जन्मला. आई हातमागावर राबायची. ते पाहून तो माग सुधारायच्या नादी लागला. १९२४ साली त्याने असा यंत्रमाग केला, की धागा तुटला रे तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड पुढे जायचेच नाही.

त्याचा मुलगा किइचिरो याने १९३७ साली मोटार कंपनी काढली. १९५० साली ती बुडायच्या बेतात आली. कामगार कमी केले, संप झाला, तेव्हा किइचिरोने स्वतः राजीनामा दिला. १९५२ साली तो वारला. १९६६ ची प्रसिद्ध कोरोला काही त्याला पाहायला मिळाली नाही.

मागाची युक्ती मात्र कारखान्यात टिकली. चूक दिसली की साधा कामगारसुद्धा दोरी ओढून काम थांबवू शकतो! आपल्याकडे क्वालिस २००० साली आली, २००५ साली बंद झाली. ड्रायव्हरकाका सांगतात, वेळेवर ऑइल बदला, गाडी लाखो किलोमीटर पळते. पार्ट मात्र महाग.

तरीही चुका झाल्याच. २००९-१० मध्ये ॲक्सिलरेटरच्या दोषामुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोचे नातू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे जाऊन माफी मागितली.