हीट पंप घ्या, बंब मोडू नका

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत किंवा गोदाकाठच्या आसपासच्या गावांत आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप बसवायचा विचार असेल तर जरूर बसवा, पण त्यापायी अंगणातला बंब मोडीत घालू नका. थंड मुलुखांत लोक पंपाच्या जोडीला लाकडाची शेगडी ठेवतात ती कडाक्याच्या थंडीसाठी. हवा गोठली की तिच्यातून उष्णता ओढणं पंपाला जड जातं. नांदेडकडे ती अडचण नाही. इथे शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला साध्या गीझरला जवळपास 3 युनिट लागतात, हीट पंपाचं काम साधारण 1 युनिटात भागतं, कारण तो हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो. हवा जितकी उबदार, तितकी वीज कमी. म्हणून तो पहाटे नव्हे, दुपारी चालवावा. टाकीचं आवरण चांगलं असेल तर ते पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऊन राहतं. आपली खरी अडचण विजेची आहे. दाब सतत कमी-जास्त होत राहिला की कॉम्प्रेसर लवकर खराब होतो, आणि शेतातल्या आखाड्यावर कृषी फीडरची वीज ठरावीक तासच येत असेल तर नुसत्या पंपाच्या भरवशावर राहणं चुकीचं आहे. तिथे बंब लागतोच.

मग लाकूड फुकटच आहे, पंप हवा कशाला, असं कोणी म्हणेल. साध्या चुलीवर लाकडातल्या उष्णतेचा दहावा-आठवा हिस्साच भांड्याला लागतो. त्याच शंभर लिटर पाण्याला पाच-सहा किलो वाळलेलं लाकूड जातं, ओलं असेल तर आणखी जास्त; आणि ते आणण्याचे, फोडण्याचे कष्ट व डोळ्यांत जाणारा धूर बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येतो. हा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून लाकूड फुकट वाटतं. बंबात जाळाची नळी पाण्याच्या मधूनच जाते, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. मात्र पाणी न भरता जाळ घातला तर सांधे उघडतात. सरपणासाठी तुराट्या उत्तम. कापसाच्या पऱ्हाट्या पावसाळ्यापर्यंत रचून ठेवू नयेत, कारण वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कापसावर येते. अंघोळीचं पाणी तापवायच्या नादात शेजाऱ्याच्या पिकाचं नुकसान करणं बरं नव्हे.

सौर बंब का नको, हा आक्षेप रास्त आहे. पक्का स्लॅब आणि मोकळं ऊन असेल तर पहिली निवड त्याचीच करावी. पण जुन्या माळवदावर भरलेल्या टाकीचा भार टाकणं धोक्याचं, पातळ पत्र्यावरही तेच, आणि आषाढ-श्रावणात झड लागली की पाणी कोमटच राहतं. अशा घरांना हीट पंप सोयीचा. बोअरच्या जड पाण्याने टाकीत क्षार मात्र साचतात, तेव्हा घेण्याआधीच टाकी साफ करून देणारा माणूस जवळपास आहे का, याची चौकशी करा.